बाबांचे स्वभावचित्रण

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी होती. परीक्षेत तिच्यातल्या एखाद्या पात्राचे स्वभावचित्रण हमखास विचारले जाई. आमच्या सरांनी त्याची रीत घालून दिली होती. आधी गुणविशेष लिहायचा, त्याखाली कादंबरीतला आधार द्यायचा, असे पाच गुणविशेष झाले की समारोप. ही उत्तरे मी घरात येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करी. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे ती सगळ्यांनाच पाठ होत.

बाबा लकडगंजात एका आरामशीनवर लाकूड कापायला होते. संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून, हातपाय धुऊन ते बसत आणि मला कादंबरीच वाचायला सांगत. उत्तरे त्यांना आवडत नसत. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. एकदा मी त्यांना म्हटले की यातला काका निव्वळ खलपुरुष आहे.

"मंग झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरून कोनं टाकलं?"

"ते एकच वाक्य आहे, बाबा."

"एकच हाय म्हनून सोडून द्याचं काय, माय? गाईडवाल्याचं ते पान चिपकून राहिलं असन."

आई चुलीपासून म्हणाली, "तिले पास होऊ द्या आधी. काकाची वकिली मंग करा."

मी उत्तरात काका दुष्टच ठेवला. मार्क चांगले पडले.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात बाबा गेले. छाती भुशाने भरली होती, असे डॉक्टर म्हणाले. धंतोलीतल्या एका दवाखान्यात नऊ दिवस होते. तिथेही मी उशाशी नोट्स घेऊन बसत असे, हे आता लिहितानासुद्धा नको वाटते.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. विहारात पांढऱ्या कपड्यांत सगळे जमतात, वंदना होते आणि मग गेलेल्या माणसाबद्दल कोणी चार शब्द बोलतात. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की मुलगीच बोलेल. आईने फक्त एवढे म्हटले, "त्याचंच बोलजो वं. ज्यानं त्याले पाह्यलं नाही, त्याले दिसला पाह्यजे."

तिने माझ्याकडे दुसरे काहीच मागितले नव्हते. मी कागद घेतला आणि लिहायला बसले. पेन भराभर चालले. कष्टाळू, निर्व्यसनी, शिक्षणप्रेमी, निर्भय, कुटुंबवत्सल. प्रत्येकाखाली आधार दिला, शेवटी समारोप केला. लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवले. ती सुपात तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत तिने ऐकले.

"कोनाचं हाय हे?"

"बाबांचं."

"हे त बाजूच्या बुढ्याचंही चालते. ठेवून दे, त्याच्या वेळेस कामी येईन."

मला राग आला. यात खोटे काय आहे, मी विचारले.

"निर्भय मंजे काय?"

"कशाला न भिणारा."

"तो भेये," आई म्हणाली. सुपातली तिची बोटे थांबली होती. "दहा नेऊन राहिलो, असं काहून म्हने मंग?"

रोज सकाळी निघताना बाबा दारात उभे राहून आईपुढे दोन्ही पंजे धरत. "दहा नेऊन राहिलो." संध्याकाळी आले की पुन्हा पंजे धरत. "दहा आनले." आमच्या घरातला तो रोजचा विनोद होता, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. त्यांच्या मशीनवरच्या दोघांना पुरती बोटे नव्हती. त्यांनी हातावर ठेवलेले चणेफुटाणे मी खाल्ले होते. पण ते हात आणि बाबांचे ते वाक्य मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

"तेवीस वर्सं रोज भेये अन् रोज जाये," आई म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मी तो कागद बाजूला ठेवला. विहारात उभी राहिले तेव्हा कुठलाही गुणविशेष सांगितला नाही. दारातले ते दोन पंजे सांगितले, सकाळचे वाक्य सांगितले, संध्याकाळचे सांगितले. बायकांच्या चेहऱ्यांवर हसू आले, कोणीतरी मोठ्यानेही हसले. मागे बाबांच्या मशीनवरची माणसे बसली होती. ती हसली नाहीत. एकाने आपला हात सदऱ्याच्या खिशात घातला. मला ते दिसले, पण मी ओघात होते. नंतर लोकांनी येऊन सांगितले, पोरीनं बाप उभा केला.

दुसऱ्या दिवशी आई अंगणात वाळलेल्या पांढऱ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी दुसरे टोक धरले. ती म्हणाली, "गोष्ट बराबर सांगतली तू. पन हासत सांगतली."

"बाबा हसतच म्हणायचे ना?"

"नाही वं. मी हासो." तिने घडी जुळवली. "तो जावा म्हनून मी हासो. नसती हासली, त घरीच बसला असता."

मी बाबांचा दारातला चेहरा आठवू लागले. दिसेना. सकाळी दारातून ऊन आत येई आणि ते उजेडाला पाठ करून उभे असत. मी खोलीच्या कोपऱ्यात वेणी घालत नाहीतर पुस्तकात तोंड घालून बसलेली. घरात हसू ऐकू येई, ते मी त्यांच्या नावावर लावून टाकले होते.

"मग ते कसे म्हणायचे? एकदा म्हणून दाखव."

आईने साडी खाली ठेवली. दोन्ही हात पुढे धरले. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा एकदा प्रयत्न करून तिने हात खाली घेतले.

"माह्यानं नाही होत वं तसं," ती म्हणाली. "धर, दुसरी धर."

आम्ही दुसरी साडी घडी करायला घेतली. मी तिला पुन्हा कधी विचारले नाही. आता आईही नाही. बाबा ते वाक्य कसे म्हणत, हे ठाऊक असलेले कोणी उरलेले नाही.