नळीभर अंतर

"नळीभर, भाऊ, नळीभर," असं म्हणत नाना ठिबकच्या नळीचं एक टोक स्वतःच्या पोटाला लावायचे आणि दुसरं समोरच्याच्या. नळी ताठ झाली नाही तर समोरच्यानं मागे सरकायचं. मग तो पेशंट असो, सरपंच असो, नाहीतर चहाचा कप घेऊन आलेला मी असो.

नाना पारोळ्याकडच्या एका खेड्यात आरोग्यसेवक होते. मी तिथल्याच दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसतो. कोरोना आला, सहा फूट अंतर ठेवा असा वरून आदेश आला आणि नानांनी शेतातली ठिबकची नळी मोजून कापून आणली. आमच्याकडे घरात एक वेळ साखर नसेल, पण ठिबकची नळी असतेच. फूट कोणाला कळत नाही, नळी कळते, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी त्यांनी नळीचं एक टोक रांगेतल्या पहिल्याच्या हातात दिलं आणि दुसरं दुसऱ्याच्या. अशी ती मोजत मोजत शेवटपर्यंत गेली. रांग सरळ झाली. नाना कौतुकाची वाट पाहत उभे राहिले. डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "नाना, माणसं लांब केलीत, पण पन्नास हात एकाच नळीला लावलेत ना?" दुसऱ्या दिवसापासून नळीला फक्त नाना हात लावायचे आणि माप घेऊन जमिनीवर चुन्याच्या रेघा मारायचे. आम्ही मात्र वर्षभर त्यांना ते विसरू दिलं नाही.

तुम्हालाही आठवत असेल, त्या हिवाळ्यात एक नवल झालं. एरवी दिवाळी सरली की माझ्या खिडकीसमोर खोकल्यांची जत्रा भरते. त्या वर्षी खोकल्याच्या बाटल्यांवर धूळ बसली. कोरोनाची धास्ती होतीच, पण पोरांचा शेंबूड आणि म्हाताऱ्यांची ढास कुठं गेली कळेना. शाळा बंद, आठवडे बाजार बंद, लग्नं मोजक्या माणसांत. "सर्दीला यायला गाडीच नाही, भाऊ," नाना म्हणायचे, आणि शेतात पीक पाहावं तसे त्या धूळ बसलेल्या बाटल्या पाहायचे.

त्यांच्या आनंदाला कारण होतं. त्यांच्या आईला, अक्कांना, दमा. दर थंडीत साधी सर्दी झाली तरी तो उसळायचा आणि नानांना त्यांना घेऊन धुळ्याला धावावं लागायचं. आता लागोपाठ दोन हिवाळे अक्का खोकल्या नव्हत्या. नाना दवाखान्यातून आले की ओट्यावरच जेवायचे, ओट्यावरच झोपायचे आणि आईशी नळीभर लांबून बोलायचे. अक्कांना ऐकू कमी येतं, त्यामुळे मायलेकांचं खाजगी बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

मग निर्बंध उठले. शाळा भरल्या आणि माझ्या बाटल्या पंधरा दिवसांत संपल्या. दोन वर्षं ज्या जंतूंची गाठ पडली नव्हती ते सगळ्या पोरांना एकदम भेटले, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. नानांनी हे ऐकलं आणि दवाखान्यातली नळी घरी नेली.

त्याच थंडीत त्यांच्या चुलतभावाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजली जात होती आणि नाना नळी घेऊन पंगत मांडत होते. पंगत विहिरीपासून थेट रस्त्यापर्यंत गेली. वाढणारा टोकाला पोचेपर्यंत भरीत थंड आणि वाढणारा गरम. त्या टोकाला अक्का बसल्या होत्या. त्या ताटाला हातच लावेनात. नानांनी लांबूनच, मोठ्यानं, काय झालं म्हणून विचारलं.

"दोन वरीस खोकला उना नही रे बापू," अक्का म्हणाल्या, "पन मन्हा जोडे मानूस बी उना नही."

नानांनी नळी बांधावर ठेवली आणि ते आईच्या जोडे, अगदी ताटाला ताट लावून बसले. मग सगळी पंगतच तिकडं सरकली.

चौथ्या दिवशी निम्मी पंगत माझ्या खिडकीसमोर खोकत उभी होती. अक्कांना धुळ्याला हलवावं लागलं. नाना मास्क लावून आठ दिवस त्यांच्या खाटेला चिकटून बसले. मी भेटायला गेलो तेव्हा ते नुसते आईच्या छातीकडे पाहत होते. अक्का बऱ्या होऊन आल्या आणि आपल्याला भेटायला कोण कोण आलं, ते पुढं महिनाभर गल्लीला सांगत राहिल्या.

गेल्या वर्षी नाना निवृत्त झाले. चुन्याच्या रेघा कधीच्या पुसल्या. रांगेत आता माणसं एकमेकांच्या पाठीवर खोकतात आणि नळीभर म्हणणारं कोणी नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. मला पडसं होतं, म्हणून सवयीनं अंगणातच थांबलो आणि नळी कुठं आहे विचारलं. नानांनी परसाकडे बोट दाखवलं. तिथं अक्कांनी वांगी लावली होती आणि नळीतून त्यांच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडत होतं.

मायलेक एकाच खाटेवर बसले होते. नानांनी खिशातून मास्क काढून माझ्या हातात दिला. मी तो लावेपर्यंत अक्का सरकल्या आणि त्यांनी खाटेवर हात थापटला.

"जोडे बस, भाऊ."