कॉइलला पोच

माझी आत्या बंदराच्या बिनतारी केंद्रात एकतीस वर्षं ऑपरेटर होती. निरोप आला की पोच द्यायची, आणि आपण निरोप पाठवला की पोच येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम. आत्या निवृत्त झाली, नियम झाला नाही. घरात कुणी शिंकलं तरी आतल्या खोलीतून "मिळालं!" असं उत्तर यायचं.

तिचा स्वतःचा शेवटचा निरोप मात्र पोचेविना राहिला होता. "हवामान स्वच्छ. आजपासून हे केंद्र बंद. सर्वांना नमस्कार." समोरच्या केंद्रातली यंत्रं दोन दिवस आधीच उचलून नेली होती, हे तिला कुणी सांगितलंच नाही. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा ही अजून कानाला हेडफोन लावून बसलेली. नोंदवहीतला पोचेचा रकाना कोरा राहिला. ती वही तिने घरी आणली आणि बारा वर्षं तो रकाना जिवाला लावून घेतला. ही कहाणी आम्ही दर जेवणाला ऐकली.

अशा बाईच्या हाती मी कॉइल दिली. चूक माझीच. मी धातुशोधक यंत्रं दुरुस्त करतो. कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची ती ताटाएवढी चकती. तिच्यातून चुंबकी लहर निघते, खाली धातू असला की लहर बदलते, आणि ही बातमी चकती बिनतारी संदेशाने हेडफोनला कळवते. या कॉइलचा हेडफोन गिऱ्हाइकाने हरवला होता. म्हटलं, आत्याचा वेळ जाईल.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"अरे, माझ्या जुन्या रिसीव्हरवर ऐकलं, ही चालू केली की दर दोन सेकंदांनी हाक मारते. पाच मिनिटं! दीडशे हाका मारते आणि झोपते बिचारी."

"आत्या, ती हेडफोन शोधते. सापडला नाही की बॅटरी वाचवायला बंद होते."

"दीडशे हाका, आणि एकीचीही पोच नाही. माणसं आहात की कोण?"

झालं! जेवणाच्या टेबलावर सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आला. धातूने सिग्नल गढूळ होतो म्हणून भांडी, लोखंडी पलंग आणि शिवणयंत्र गॅलरीत गेलं. आतोबांचा पट्टा जप्त झाला. ते चार महिने लाकडी चमच्याने जेवले आणि एका हाताने पँट सावरत घरभर हिंडले.

"तुम्ही काही बोलत का नाही?" मी एकदा वैतागून विचारलं.

"बोललो तर नोंद होते," ते म्हणाले.

नवा हेडफोन आणून देतो म्हटलं, तर आत्या माझ्यावरच उखडली. उत्तर तिला स्वतः द्यायचं होतं. माझ्या दुकानातली कॉइल-हेडफोनची एक धड जोडी नेऊन हेडफोन कॉइलला काय उत्तर देतो ते तिने टिपलं, शून्य आणि एक यांनी चार वह्या भरल्या आणि साबणाच्या डबीत मावेल एवढा ट्रान्समीटर जोडला.

रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. कॉइल चालू केली. पहिली हाक. दुसरी. तिसरीला आत्याने बटण दाबलं. हाका थांबल्या आणि पडद्यावर कॉइलची बातमी नेमाने येऊ लागली: धातू नाही, धातू नाही, धातू नाही.

"जिंकलीस!" मी ओरडलो.

"हिला मिळाली पोच," आत्या म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. चार महिने मी तिच्यावर चिडत होतो, त्याची मला लाज वाटली.

आतोबा भांड्यांमधून वाट काढत गॅलरीच्या दारात आले. त्यांनी घसा खाकरला.

"हवामान स्वच्छ. आजपासून हे केंद्र बंद. सर्वांना नमस्कार." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "मिळालं."

आत्याने डोळे पुसले आणि जुनी नोंदवही पुढ्यात ओढली.

"कुठलं केंद्र?"

"गॅलरी."

"वेळ?"

"चार वाजून वीस मिनिटं. बारा वर्षं उशीर झाला, माफ कर."

"उशिराचं कारण?"

आतोबांनी एका हाताने पँट सावरली. "रोज ऐकत होतो गं. उत्तर मीही देऊ शकतो, हे सुचलंच नाही."

तिने ते जसंच्या तसं रकान्यात लिहिलं, खाली त्यांची सही घेतली आणि ड्युटीवरून उठली.