हरलेला माणूस निवडून आला

सोमवार, २७ एप्रिल १९६४
कार्ल्सरूहेजवळ, पश्चिम जर्मनी

मंडळी, आपल्या फिरत्या पत्रात बरेच महिने माझं पान कोरंच राहिलं, माफ करा. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल इथे प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली. आमच्या मतदारसंघातला एक उमेदवार हिटलरच्या काळात न्यायाधीश होता. माझ्या घरमालकीण फ्राउ केलर यांच्या भावाला त्यानेच तुरुंगात धाडलं होतं. भाऊ परत आलाच नाही. काल हा उमेदवार हरला, तेव्हा बाईंनी मला आनंदाने केक आणून दिला.

आज दुपारी रेडिओवर कळलं, त्याच्या पक्षाला एकंदर पडलेल्या मतांच्या प्रमाणात जादा जागा मिळाल्या, त्या हरलेल्यांपैकी जास्त मतं मिळवणाऱ्यांना जातात, आणि त्यातल्या एका जागेवर हे गृहस्थ निवडून आले.

बाईंचा पुतण्या हसत म्हणाला, "काकू, नियमच आहे तसा. काय जोशीसाहेब, तुमच्याकडे भारतात हरलेला घरी बसतो ना?"

"हो, बसतो," मी म्हणालो. त्याच्या हसण्याचीच किळस आली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच म्हणाला होतात, इथे एकही मत वाया जात नाही. मग माझं कुठे गेलं?"

ही पद्धत मला अजूनही न्याय्य वाटते. मग ही शिसारी कशाची? पद्धतीची, की अशा माणसाला उभं करणाऱ्यांची? तुम्ही बाईंना काय सांगितलं असतं?

उद्याचं काम: बाईंना त्यांच्या भावाचं नाव विचारायचं.