टाचेवरचा काजूचा डाग

काजूच्या दिवसांत आमच्या पार्से गावात कुणाचे हातपाय स्वच्छ दिसले, तर खुशाल समजावं की हा माणूस कामचुकार आहे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवायचे, बिया भाजायच्या, टरफलांच्या तेलाने कातडी काळी पडायची आणि पावसात ती आपसूक सोलून जायची. त्यामुळे नवऱ्याच्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा मी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

गणपतीची चवथ आली तरी डाग होताच. उलट पसरला होता आणि कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. हे म्हणाले, "काजीचो डाग तो गो. जातलो." मी जास्त शहाणी! कुरूप असणार असं ठरवून टाकलं आणि आमच्याकडे भेगांवर लावतात तसं टरफलांचं तेल गरम करून त्यावर लावलं. एकदा नाही, तीनदा. जळलेलं कातडं निघालं, खाली पुन्हा काळंच. मग एका सकाळी चटईवर रक्त दिसलं.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी टाच भिंगातून पाहिली, जांघेत गाठ आहे का तेही चाचपलं. म्हणाल्या, "कातडीचा कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासू."

"पण तो उन्हाने होतो ना? केरीच्या किनाऱ्यावर लोळणाऱ्या गोऱ्यांना?" मी विचारलं.

"त्यांनाही होतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो तळपायावर, तळहातावर, नखाखालीही होतो, जिथे ऊन पोचत नाही. डाग वाढला, रंग बदलला, रक्त आलं तर लगेच दाखवायचा. लवकर काढला तर माणूस बरा होतो."

लवकर! चवथ होऊन दोन महिने उलटले होते.

त्यांनी कागद पुढे ओढला. "हे भाजलंय कशाने? काय लावलंत?"

"काजीचा त्याल. मियाच लावलंय," हे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

डॉक्टरीणबाई त्यांच्यावर अशा काही तापल्या! हे मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. पण भीतीने माझी जीभच उचलेना. तेवढ्यात तुकडा काढायला त्यांना आत बोलावलं. ते टाच उचलून लंगडत गेले आणि मी बाकावर बसून राहिले.