गच्चीवरचं गोडं पाणी

माझ्यासोबत बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवणारा तो, कुणाकडेही गेला की आधी पाणी चाखतो, मग बसतो. त्याचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींना खारंच पाणी; ते पिऊन थोरला भाऊ किडनीने गेला. इथल्या घराच्या गच्चीवर त्याची काचेची पेटी असते. तीत गावाहून आणलेल्या खाऱ्या पाण्यावर नॅनोकणांचं काळं कापड उन्हात तापतं, वाफ काचेवर जमते आणि दिवसभरात तांब्याभर गोडं पाणी ठिबकतं. संध्याकाळी तो कापडावरचं मीठ टूथब्रशने खरवडतो. कुठवर आलं विचारलं तर "चालू हाय" म्हणतो. ते ऐकून मलाच थकायला होतं.

पहिलं पाणी त्याने गावी आईला नेलं. तिने घोट थुंकून टाकला. "फिक्कं हाय रे. कसं पेऊ?"

काल गावी न्यायची बाटली भरताना त्याने खरवडलेल्या मिठातलीच चिमूट तीत टाकली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"तिनं पेलं तं पाह्यजे ना," तो म्हणाला आणि बाटली हलवत राहिला.