आजींचा डबा

जर्मनीत त्सुफेनहाउझेनला आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, तेव्हा कोर्टाने त्यांना दर गुरुवारी व्यसनमुक्ती गटात जायला लावलं. "चाललो हजेरी लावायला," असं ते जिन्यात भेटले की कुरकुरायचे. कोर्टाच्या कागदावर हजेरीची शेवटची सही झाली, त्या दिवशी गटातल्या एका जर्मन आजींनी त्यांना डबाभर केक दिला. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून काका पुढच्या गुरुवारी त्यात स्वतः तळलेल्या चकल्या भरून गेले. वर आपली ही रीतही आजींना सांगून आले! मग काय, डबा पुन्हा भरून आला. याला आता वर्ष झालं.

परवा काकांचा पाय मुरगळला होता. मी म्हटलं, "द्या, मी पोचवते."

काकांनी डबा छातीशी धरला.

"नको गं. हा माझा मलाच न्यायला लागतो."