आत्यासाठी कापायचे केस

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी लुपे मूळची टोंगाची. पॅसिफिकमधली ती बेटं मला नकाशात शोधावी लागली. इथे जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. जर्मन नवऱ्याशी काडीमोड होऊन सहा वर्षं झाली, पण परत गेली नाही. माझ्या नातवाचं ऐकून मला आजी म्हणते. आम्ही इंग्रजीत बोलतो.

फेब्रुवारीत तिची आत्या वारली. टोंगात आत्याचा मान बापाहूनही मोठा. लुपेचं नाव तिनंच ठेवलेलं, आपल्याकडे ठेवते तसं. अशी आत्या गेली की भावाच्या मुलांनी फाटकी चटई कमरेला गुंडाळायची आणि दफनाआधी आत्याच्या लेकीनं त्यांचे केस कापायचे. स्वतः कापून चालत नाही.

लुपे कोटावरून चटई बांधून कामावर निघाली. फाशिंगचे, सोंगं काढायचे दिवस. जिन्यात शेजारीण हसून म्हणाली, "छान सोंग आहे हं!" लुपे चटई सावरत उतरली.

संध्याकाळी ती कात्री आणि फोन घेऊन आमच्याकडे आली. फोनवर आतेबहीण होती. तिथे सकाळचे सात वाजलेले, दफन दहाला.

"ती सांगेल तसे तुम्ही कापा, आजी. वडीलधाऱ्या बाईचा हात हवा."

वेणी कमरेपर्यंत होती. माझा हात पुढे होईना.

"लुपे, आमच्याकडे नवरा मेला की बाईचे केस उतरवत. माझ्या आजेसासूबाईंचे उतरवले होते. माझ्याच्यानं हे होणार नाही."

"त्यांच्यावर जबरदस्ती झाली. मी तर मागतेय."

"आई, कापा ना," माझी सून मुक्ता म्हणाली. "ती काय चकोट करायला सांगतेय?"

"मग तूच काप."

"अहो, मी तिच्याहून लहान आहे!"

आतेबहीण त्यांच्या भाषेत थोडंसं बोलली. लुपेनं कात्री उचलली. "ती म्हणते, राहू दे. परक्यांना कशाला त्रास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वर गेले. "आण ती कात्री," म्हटलं.

तिनं दार अर्धंच उघडलं. "आता नको, आजी. माती पडली. केस तसेच राहिले, म्हणजे मी तिला मोठं मानलंच नाही."

त्याला महिना झाला. आतेबहीण तिचा फोन उचलत नाही. लुपे जिन्यात भेटली की माझी पिशवी दारापर्यंत आणून देते, आणि वेणी कोटाच्या आत खोचून कामाला जाते.